गिधाडांचा रकाना

सुरगाण्याहून नाशिकला निघालेल्या एसटीत पाड्यावरच्या शाळेतल्या शिक्षिका उज्वलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या बाकावर त्याच पाड्यावरच्या कुसाबाई होत्या. कुसाबाईंच्या शेजारी बसलेली निकिता गिधाडांच्या सर्वेक्षणाला आली होती आणि मोबाइलवर फॉर्म भरत होती.

“आजी, तुमच्या कड्यावरची गिधाडं का गेली? यादीतलं एक कारण सांगा. शिकार?”

“त्याला कोण मारतंय?”

“मग खाणी? रस्ते? ढोरांना टोचायची औषधं?”

“टोचायला ढोरं तर पायजेत. समदी विकली.”

“का विकली?”

“दिवाळी झाली का अख्खा पाडा पिंपळगावला द्राक्षांच्या मजुरीला जातो. ढोरं राखंल कोण? ढोरच नाय, मंग गिधाड खाईल काय?”

“थांबा, यादीत ‘माणसांचा वावर’ आहे. तो टाकू?”

“माणसं हायेत कुठं वावराया?”

“म्हणजे माणसं नाहीत, हा धोका? तसा रकानाच नाही, आजी. ही यादी सगळ्या जगात एकच असते.”

“जगात पाडे नायत का?”

निकिता पुन्हा पहिल्यापासून यादी वाचू लागली. कुसाबाई मागं वळल्या.

“बाई, तुम्ही सांगा हिला. शाळेत पोरं किती हायेत?”

उज्वलाबाई गडबडल्या. “जूनमध्ये एकवीस होती.”

“आन् आता?”

“सात.”

“लिही पोरी, सात.”

“अहो आजी, पण हे गिधाडांच्या फॉर्ममध्ये कुठं लिहू?”

कुसाबाईंनी उज्वलाबाईंकडं पाहिलं. बाई पुढं वाकून मोबाइलवरच्या यादीत रकाना शोधू लागल्या.