आभाळाचा रकाना

साहेब : ...अहो आक्का, एका अक्षराचा तर प्रश्न आहे! वहीत तीन ठिकाणी ‘स्व’ खोडायचं, ‘ढ’ लिहायचं, सही ठोकायची. झालं.

आक्का : ‘स्व’ म्हणजे स्वच्छ, ‘ढ’ म्हणजे ढगाळ. या खुणा मीच पाडल्यात, तुम्ही इथे शिकायला आलात त्याच्याही आधी. त्या तिन्ही रात्री आभाळ लख्ख होतं. नाही खोडणार.

साहेब : तुम्ही दुर्बीण चालवता. निष्कर्ष काढायला मी आहे ना, संचालक!

आक्का : काढा की. पण आभाळ कसं होतं ते मीच सांगणार. घुमट मी उघडला होता, तुम्ही घरी घोरत होतात.

साहेब : उद्या माणसं येतायत. आरसा उतरवतील, दुर्बीण कायमची बंद. त्या रात्री ढगाळ धरल्या की अहवालात काही लोंबकळत राहत नाही. जाता जाता नसती भानगड कशाला?

आक्का : भानगड त्या ताऱ्याची आहे. दर बावीस दिवसांनी, तीन तास, उजेड शंभरातला एक भाग कमी. मग पुन्हा होता तसा. त्या तिन्ही रात्री हेच झालं. पुढून काहीतरी जातंय, साहेब. ग्रह असेल.

साहेब : किंवा ढग.

आक्का : शेजारच्या ताऱ्यांचा उजेड तसूभर कमी झाला नाही! एकाच ताऱ्यासमोर पथारी पसरणारा हा कुठला ढग? तोही तारीख बघून?

साहेब : मग आरशावर धूळ बसली असेल.

आक्का : माझ्या आरशाचं नाव काढू नका. सव्वीस वर्षं या हातांनी धुतलाय तो.

साहेब : आक्का... त्या ताऱ्याला ग्रह नाही, असं मी छापून बसलोय. आठ वर्षं झाली. लोक हसतील मला.

आक्का : हां! आता कसं खरं बोललात. हसू देत. भोकं पडत नाहीत अंगाला.

साहेब : तुम्ही करत नसाल तर मी करतो. द्या ती वही.

आक्का : ही घ्या. पेनही घ्या. पण ‘ढ’ लिहायचाच असेल, तर आभाळाच्या रकान्यात नको. त्या शेवटच्या रकान्यात लिहा, तुमच्या नावापुढे.

(साहेब पेनाला टोपण लावतात.)

साहेब : शाळेत मास्तर हेच म्हणायचे मला.

आक्का : मास्तर चुकले होते. मी तुम्हाला उगाच नाही शिकवलं.

साहेब : पुन्हा कधी मंदावेल तो?

आक्का : गुरुवारी. सव्वाआठला.

साहेब : आणि आरसा उतरवायला माणसं उद्या सकाळी हजर!

आक्का : येऊ देत. घुमटाची किल्ली माझ्याकडे असते. शुक्रवारपर्यंत ती मला सापडायची नाही.

साहेब : राहू द्या, किल्ली नका हरवू. मीच फोन करतो. शुक्रवारी या म्हणतो.

आक्का : कारण काय सांगाल?

साहेब : आभाळ स्वच्छ आहे म्हणून.