नंदीच्या गळ्यातला कंठा

लोकांचं बोलणं ऐकायची मला सवय नाही. पण अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत पुढच्या बाकावर जुन्या संस्थानिकांच्या घरातल्या सासू-सुना बसल्या होत्या, आणि राजघराण्यात हळू बोलणं कोणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

“माईसाहेब, कंठा गाठवाले दिला होता ना, सराफानं तो धुतला. सारे हिरे खरे हायेत म्हणे.”

“त्याले म्हणा, चष्मा बदल. काच हाय ते.”

“मशीनवर पाह्यले त्यानं. आजेसासूबाईच्या काळचेच हायेत.”

“मंग आपल्या गावचा सोनार काच कावून बोलला?”

“पिढ्यान्‌पिढ्याची हळद अन् तेल बसलं होतं त्याच्यावर. त्यानं न धुताच सांगितलं.”

“रागिणी, बावीस वर्षं आपण तो तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदीच्या गळ्यात घालून राहिलो.”

“अन् माह्या थोरल्या जावेले चोर म्हणून राहिलो.”

“कंठा साधनाच्याच ताब्यात होता. मले वाटलं, तिनं असली हिरे माहेरी नेले अन् काच बसवली.”

“तुमी त्यायले उभ्या पायी घराबाहेर काढलं.”

“आता कुठं असते ते?”

“अकोल्यालेच. दवाखान्याचं खोटं सांगितलं, मी तुमाले त्यायच्याच घरी घेऊन चालली.”

“कंठा कुठं हाय?”

“ह्या पिशवीत.”

“आण इकडं, मी देतो तिले.”

“घ्या.”

“नाही. राहू दे तुयाच जवळ. माह्या हातून साधना घेणार नाही.”