सहावा हिरवा ठिपका

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर पातिन्यो, व्यासपीठावरील मान्यवर, रक्तपेढीतील माझे सहकारी, दुसऱ्या रांगेत बसलेल्या लुसेरोताई, आणि आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या तुमच्या मातोश्री, अरासेलीबाई,

संगणक विभागाचा विल्मार म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. बाईंच्या हातची कॉफी, त्यांचे टोमणे, यांवर छान भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू दे.

चार वर्षांपूर्वी आपले सहा सर्व्हर तळघरातून काढून भाड्याच्या क्लाउडवर नेले. त्यांच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझं. पाच ठिकाणी ते झटकन बसलं. सहावा रक्तसाठ्याचा. तिथे क्लाउड कंपनीकडून वाट मोकळी करून घ्यायची होती, त्यासाठी अर्ज करायचा होता. आणि दुपारी कोलंबियाचा फुटबॉल सामना होता.

मी काय केलं? सहाव्याच्या रकान्यात पाचव्याचा पत्ता टाकला. पाचवा चालू असेपर्यंत सहावाही चालूच दिसणार. पडद्यावर सहा हिरवे ठिपके! म्हटलं, सोमवारी बघू. असे अकरा सोमवार गेले.

मग एका बुधवारी सकाळी तो सहावा सर्व्हर गोठला. रुग्णालयांना आदल्या दिवशीचेच आकडे दिसत राहिले. त्याच सकाळी कॉफीची पोती नेणारी जीप उलटली आणि हेरार्दो नावाचा मजूर तिच्याखाली सापडला. त्याला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. आकड्यांवर विसंबून त्याला ज्या गावी नेलं, तिथलं रक्त आदल्या संध्याकाळीच संपलं होतं. तिथून आपल्याकडे यायला पावणेतीन तास गेले. जीव वाचला, पाय नाही.

पडद्यावर लक्ष ठेवायचं काम बाईंचं; दुपारी चौकशी समिती आली, तेव्हा पडद्यासमोर त्याच होत्या. समिती जिना चढत असताना मी घाईघाईने पत्ता दुरुस्त केला. सहावा ठिपका लालभडक झाला.

"बाई, हे लाल आहे ना?" समितीतल्या एकाने विचारलं.

"आत्ता आहे. सकाळपासून हिरवं होतं. मी काय झोपा काढत होते?"

कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून टिपणं काढत होतो.

बाईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. लुसेरोताई, तुम्ही मला म्हणालात, "आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील का रे?" मी नेलं. स्वतः गाडी चालवत मानिसालेस शहरात नेलं! डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. येताना बाई म्हणाल्या, "डोळे धड आहेत, म्हणजे डोकंच गेलं असणार माझं, पोरा."

मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या रविवारी मी हेरार्दोच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस?"

म्हणून सांगतोय. डॉक्टरसाहेब, थांबा, माइक बंद करू नका. माझा लेखी कबुलीजबाब आणि राजीनामा सकाळीच तुमच्या टेबलावर ठेवला आहे.

काय म्हणालात, बाई? त्या दिवशी पडद्यावर काय होतं ते सांगू?

हिरवं होतं, बाई.

पुन्हा? मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही म्हणता?

हिरवं होतं! अरासेलीबाईंनी जे पाहिलं तेच सांगितलं. खोटं माझं होतं.

लुसेरोताई, आईजवळ जाऊन बसा. त्यांना पाणी द्या. माझ्या हातून त्या घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं मात्र घालू नका.