विजूच्या बॅगेतले सहा टॉवेल

आमचा धाकटा विजू परवा बाप म्हणून पास झाला, ते ऐका आधी.

बायको-लेकीला तिच्या माहेराहून, अक्कलकोटहून आणायचं होतं. पठ्ठ्यानं बाळाची बॅग स्वतः भरली. डायपर, झबली, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि स्वतःच्या मागावर विणलेले सहा टॉवेल. थोरला भाऊ म्हणून मी फक्त चेन लावली.

मी आणि माझी बायकोही सोबत गेलो. तिथं त्याच्या सासूबाईंनी बॅग उघडली आणि कपाळाला हात लावला. "तान्ह्या लेकराला कोरं कापड? टोचतंय की! घरात जुनं धोतर न्हाय का?"

विजू म्हणाला, "आई, हात लावून बघा की."

त्यांनी टॉवेल गालाला लावला. लोण्यासारखा मऊ! विजूनं महिनाभर रोज कामावरून आल्यावर सहाही टॉवेल धुतले होते.

तेवढ्यात लेकीनं कार्यक्रम उरकला. विजूनं तिला टॉवेलवर घेतलं, पुसलं आणि कुणी उठायच्या आत डायपर बदललासुद्धा.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "दादा, तुमीच शिकवलं वाटतं?"

मी दोन पोरांचा बाप. छाती फुगवून म्हणालो, "व्हय."

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं लेकराला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "आता पुढच्या खेपेला गुरुजी दाखवतील."