पळणाऱ्याला दोन रेघा

मास्तर : पुन्हा तेच. 'रनिंग'खाली दोन रेघा.

सून : चुकलं का, बाबा?

मास्तर : वाक्य वाच मोठ्याने.

सून : 'द बॉय रनिंग ऑन द रोड वॉन्ट्स टू गो होम.' रस्त्यावर पळणाऱ्या मुलाला घरी जायचंय. पळतोय ना तो? मग पळणं हेच खरं क्रियापद.

मास्तर : पळू दे की त्याला. आपल्याला विचारलंय, फायनाइट कोणतं. एका मुलाच्या जागी चार मुलं घाल. काय बदललं?

सून : 'बॉय'चं 'बॉइज'... आणि 'वॉन्ट्स'चं 'वॉन्ट'.

मास्तर : कर्ता बदलला, काळ बदलला की जे बदलतं ते फायनाइट. त्याच्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. त्याला दोन रेघा. 'रनिंग' आणि 'टू गो' हलले का जागचे?

सून : नाही हलले.

मास्तर : मूल एक असो, चार असोत, गोष्ट आजची असो, कालची असो, त्यांना सोयरसुतक नाही. ते नॉन-फायनाइट. त्यांना वर्तुळ. किती वेळा घोकून घेऊ?

सून : डोक्यात शिरतच नाही हो. ड्यूटीवरून येते तेव्हा डोकं नुसतं भणभणत असतं. उद्याच्या भरतीच्या इंग्रजी परीक्षेला नाही बसत मी. पुढच्या खेपेला बघू.

मास्तर : मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस.

सून : शहरातल्या त्या मोठ्या इस्पितळाला नर्स काय कमी आहेत? इथला दवाखाना बरा आहे. चहा टाकू?

मास्तर : बस खाली. काल गॅलरीत शेजारच्या मुलीला कोण शिकवत होतं?

सून : मी. ती अडली होती.

मास्तर : हाच धडा. खिडकी उघडी होती. एक उत्तर चुकलं नाही तुझं. वर तिला म्हणालीस, 'नुसत्या रनिंगला भुलू नकोस, मदतीला इज किंवा आर आहे का ते बघ.' हे तर मीही तुला सांगितलेलं नाही.

सून : मला वाटलं, तुम्ही झोपलात.

मास्तर : मग माझ्याच पुढ्यात मठ्ठ का होतेस?

सून : राहू द्या ना, बाबा.

मास्तर : जन्मभर पोरांच्या चुका तपासल्यात मी. खरी चूक कोणती आणि ओढूनताणून केलेली कोणती, कळतं मला.

सून : ऐकायचंच आहे? हे गेल्यापासून तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ताट वाढलं की जेवायचं, उचललं की खुर्चीत. वॉर्डात मी कोणाकोणाला बोलतं करते, आणि घरात काही जमेना. मग अभ्यासाला म्हणून तुमच्यापुढे बसले आणि 'रनिंग'खाली दोन रेघा मारल्या. तुम्ही केवढे चिडलात. मग हसलात. म्हणालात, 'अगदी त्याच्यासारखी.'

मास्तर : ती त्याची चूक तुला कोणी सांगितली?

सून : त्यांनीच. 'बाबांनी खडू फेकून मारले, पण पळणाऱ्याला दोन रेघा द्यायचं मी सोडलं नाही,' असं हसून हसून सांगायचे.

मास्तर : शाळा सुटली तरी सोडलं नाही गाढवाने. इंग्रजीच्या मास्तरचा मुलगा म्हणे.

सून : बघा. चुकले की तुम्ही असे बोलायला लागता. त्यांच्या गोष्टी निघतात. मग मी चुकतच राहिले. परीक्षेला बसले तर पास होणार, बाबा. पास झाले तर जावं लागणार. मग बोलणार कोणाशी तुम्ही? त्या खुर्चीशी?

मास्तर : मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

सून : काय?

मास्तर : तू मुद्दाम चुकतेस ते.

सून : मग गप्प का बसलात?

मास्तर : लोभ सुटला. तू मान खाली घालून रेघा मारायचीस आणि मला वाटायचं, तोच बसलाय समोर. कधी चुकतेस याची वाट बघत बसायचो. त्यापायी तुझी एक परीक्षा बुडाली.

सून : मला नाही जायचं तुम्हाला सोडून.

मास्तर : मला तरी कुठे हवंय तू गेलेलं? पण म्हणून दोघांनी मिळून रेघाच ओढत बसायचं का? उद्या जायचं परीक्षेला.

सून : आणि तुम्ही?

मास्तर : त्या शेजारच्या मुलीला माझ्याकडे पाठवत जा. तुझी वर्तुळं बटाट्यासारखी असतात. तिलाही तशीच शिकवली असशील.

सून : भारी बडबडी आहे ती. डोकं खाईल तुमचं.

मास्तर : खाऊ दे. घे पेन्सिल. हेच वाक्य. आता खरं उत्तर.

(ती पेन्सिल उचलते.)

सून : 'वॉन्ट्स'ला दोन रेघा. 'रनिंग'ला वर्तुळ. 'टू गो'ला वर्तुळ.

मास्तर : बरोबर.

सून : मग डोळे का पुसताय?

मास्तर : बरोबर आलं म्हणून. जा, उद्याची तयारी कर. आणि... थांब जरा.

सून : काय, बाबा?

मास्तर : ते वाक्य एकदाच चुकवून दाखव. त्याच्यासारखं.