कांबळे मामांचा वर केलेला हात

कामगारांना सामील करून घ्या म्हणतात ना, त्याचं लेक्चर आमच्या लातूरच्या डाळ मिलमध्ये झालं होतं. मी तिथं सुपरवायझर. मालकांनी पुण्याहून एक सर बोलावले. डाळ आपोआप टाकीत पडते, म्हणून मशीन चालूच ठेवलं आणि सगळ्यांना गोदामात सतरंजीवर बसवलं.

“कामगाराचं ऐकलं तरच कारखाना सुधारतो,” सर सांगत होते. तेवढ्यात आमच्या कांबळे मामांनी हात वर केला. आख्खी उमर त्या मशीनवर घातलेला माणूस.

“प्रश्न शेवटी,” सर म्हणाले.

थोड्या वेळानं हात पुन्हा वर. मालकांनी डोळे वटारले. तिसऱ्यांदा मात्र मीच त्यांचा हात धरून खाली ओढला. म्हटलं, “मामा, गप बसा की! पाहुण्यासमोर इज्जत घालवता का?”

तासाभरानं सर हसून म्हणाले, “हं मामा, विचारा आता.”

“सवाल न्हाई साहेब. मशीनचा आवाज मघाच बदललाय. टाकीत जाणारा पाइप निसटला असंल. डाळ खाली सांडायलीय.”

पळत गेलो. तासाभराची तूरडाळ मशीनखालच्या तेलकट मातीत पडली होती.

तरी सरांचा फॉर्म भरायचा होताच. ‘आज काय शिकलात?’ या प्रश्नापुढं मामांनी लिहिलं, ‘पुढच्या टायमाला हात वर करणार न्हाई. उठून मशीन बंद करणार.’

खाली सुपरवायझरची सही लागत होती. मी केली.