त्रेसष्टच्या रॅकमधली फाईल

हसू नका रे, पण मी दादाची फाईल चोरली होती.

मुलुंडच्या ज्या हॉस्पिटलात दादा वारला, तिथेच मला रेकॉर्ड रूममध्ये तात्पुरतं घेतलं. तिथे फाईलचा नंबर शेवटून वाचतात. शेवटी त्रेसष्ट असेल, तर फाईल त्रेसष्टच्या रॅकमध्ये. मी सातवी नापास, सारखा पुढून वाचायचो. रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या सावंत मॅडम म्हणायच्या, "एक तरी फाईल न विचारता जागेवर लाव, मग तुला पक्का करते."

गेलेल्या माणसांच्या फायली मानखुर्दच्या गोदामात जातात. परवा त्या गठ्ठ्यात दादाचं नाव दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. फाईल ओढली आणि रॅकमधल्या हजारो फायलींत घुसवली. म्हटलं, शोधा आता!

मॅडमनी यादी बघितली, एक फाईल कमी. नंबर वाचला आणि मिनिटात काढली.

"त्रेसष्टची फाईल त्रेसष्टमध्ये? गाढवा, लपवायची होती तर चुकीच्या जागी ठेवायची ना!"

मला रडूच फुटलं. त्यांनी फाईल माझ्याच हातात दिली. "मानखुर्दलाही असंच लावतात. जा, तूच ठेवून ये. उद्यापासून पक्का."

ठेवून आलो. आता दादा कुठे आहे, ते मी झोपेतही सांगेन.